बुशशर्टाची बाही

श्यामसुंदर टिपणीस मनाने वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तसं वाटायला पुष्कळ वाव आहे. अंधेरीला राहत होता, फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून होता, आणि बायकोच्या माहेरच्यांना नावं ठेवायची ती मनातल्या मनात ठेवत होता. देवाने हेवा सगळ्यांनाच वाटून दिलेला असतो. इतर लोक तो शेजाऱ्याच्या रेडिओवर, साडूच्या बढतीवर, मित्राच्या बायकोच्या हातच्या वालाच्या बिरड्यावर थोडाथोडा खर्च करतात. श्यामसुंदरने सगळाच्या सगळा एकाच माणसावर लावला होता. त्या माणसाचं नाव चंद्रप्रकाश परब.

दोघेही फोटो काढायचे. दोघांनाही कुणी शिकवलेलं नव्हतं. इथपर्यंत दोन्ही पारडी सारखी.

श्यामसुंदर शिकला तो पुस्तकांतून. ऑफिस सुटलं की वाचनालयात बसून फोटोंची जाडजूड विलायती वार्षिकं उलटायची, शब्दकोश मांडीवर घ्यायचा आणि कुठल्या फोटोत उजेड कुठून आलाय ते बोटाने हवेत रेघा मारून बघायचं. घरी मोरीच्या खिडकीला कांबळं ठोकून त्याने डार्करूम केली होती. फोटो मोठे करायच्या एन्लार्जरची टोपी डालड्याच्या डब्याची होती. कुंदाची, म्हणजे बायकोची, एनॅमलची ताटं रसायनांसाठी गेली ती स्वयंपाकघरात परत आली नाहीत. फोकस, उजेड, कागद यांत त्याची चूक काढील असा माणूस अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत सापडला नसता. नव्हती ती एकच गोष्ट, आणि ती नाही हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं. त्याचा फोटो बघून 'हा टिपणीसचा' असं कुणी म्हणत नसे. 'अरे वा, अगदी विलायती पुस्तकातल्यासारखा!' असं म्हणत.

एक वर्षभर त्याने धुक्याचे फोटो काढले. अंधेरीत धुकं पडून पडून पडणार किती? शेजारणीच्या शेगडीच्या धुरावर भागवलं. मग सुरकुत्यांचं वर्ष आलं. त्या वर्षी अंधेरीतले म्हातारे त्याला लांबून बघून रस्ता बदलत. मग सावल्यांचं. जोगेश्वरीच्या लेण्यांतल्या खांबांनी त्याला जेवढं सहकार्य दिलं तेवढं कुठल्या जित्या माणसाने दिलं नाही. माणूस त्याच्या कॅमेऱ्यापुढे आला की कोर्टाचं समन्स आल्यासारखा चेहरा करी. "हलू नका," श्यामसुंदर म्हणे, आणि लोक इतके हलत नसत की फोटोला हार घालायचाच काय तो बाकी राही.

आणि परब? परबचा बाप गिरणीत होता. परब स्वतः जोगेश्वरीला राहून एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात काम करी आणि उरलेल्या वेळात फोटो. वाचन शून्य. पोटाशी धरून वरून बघायचा दोन भिंगांचा कॅमेरा, अंगात माडांची चित्रं छापलेला बुशशर्ट, आणि तोंड. कॅमेऱ्याला असतील दोन, पण परबचं खरं भिंग ते तोंडच. मालवणी आणि मुंबईची भाषा कालवून तो बोलत सुटे आणि समोरचा माणूस हसला की खटका दाबी. त्याच्या फोटोतले लोक असे खुललेले असत, की वाटावं कॅमेऱ्याने नुकतेच सगळ्यांना पेढे वाटलेत. मंडळाच्या गणपतीत दोघांचे फोटो एका भिंतीवर टांगले होते. परबच्या फोटोंपुढे लोक एकमेकांना हाका मारून दाखवत होते आणि श्यामसुंदरच्या खांबांपुढे जागा मोकळी बघून बायका पोरांची नाकं पुसत होत्या. "परबचा फोटो लांबून ओळखू येतो बघ," कुणीतरी म्हणालं. श्यामसुंदर त्याच्या पाठीशीच उभा होता. त्या दिवशी त्याने प्रसादसुद्धा घेतला नाही.

त्यातून परबची आणखी एक कीर्ती झाली होती. लग्नाच्या मुलीचा फोटो त्याने काढला की पहिल्याच स्थळाकडून 'बघायला येतो' म्हणून निरोप येतो, अशी आयाबायांत बोलवा होती. ही बोलवा एक दिवस श्यामसुंदरच्या घरात शिरली.

मुलुंडला त्याचे सासरे राहत, अण्णा गुप्ते. त्यांची धाकटी मुलगी उत्तरा लग्नाची होती. तिचा फोटो अर्थातच घरच्या जावयाने काढला होता. खुर्चीत बसवून, हात मांडीवर ठेवून, डाव्या खिडकीतून उजेड घेऊन. फोटो दोन स्थळांना गेला आणि दोन्हीकडून परत आला.

"पत्रिका जुळत नाही म्हणालेत ना?" श्यामसुंदर म्हणाला.

"पत्रिका पाठवलीच नव्हती," कुंदा म्हणाली. "फोटोच पाठवला होता."

मग तांदूळ निवडता निवडता कुंदाने सांगून टाकलं, "आता घाटकोपरच्या प्रधानांकडे पाठवायचाय. चांगलं स्थळ आहे. या वेळी परबांना सांगितलंय मी."

"कोण परब?"

"अहो, ज्यांचं नाव तुम्ही झोपेत घेता ते."

"मी मेलोय का?"

"मेला नाहीत हो. पण तुमच्या फोटोत माझी बहीण मेल्यासारखी दिसते."

श्यामसुंदरलाही तसंच दिसत होतं. पण बायकोने आपल्या देखत दुसऱ्याच्या हातच्या जेवणाची तारीफ करावी आणि वर पान वाढायलाही आपल्यालाच सांगावं, तसं त्याचं झालं. "मीही येतो," तो म्हणाला. "सोबत."

रविवारी सकाळी गोरेगावहून आरे कॉलनीची बस धरली. नवे पैसे नुकतेच निघाले होते, त्यामुळे निम्मी बस कंडक्टरशी हुज्जत घालत होती आणि परब दोन्ही पक्षांना दुजोरा देत होता. "काकानू, तुमचा बरोबर आसा. मास्तर, तुमचाय बरोबर आसा!" कुंदा हसली, उत्तरा हसली, कंडक्टरही हसला. श्यामसुंदर खिडकीबाहेर बघत राहिला. त्याच्या मांडीवरच्या पिशवीत घडीचा जर्मन कॅमेरा होता.

"तो कशाला घेतलात आणि?" कुंदाने विचारलं.

"झाडं काढीन."

झाडं काढायची नव्हती. परबचं गुपित काढायचं होतं. नुसत्या बडबडीने असे फोटो येत नाहीत, अशी त्याची पक्की समजूत होती. परब कॅमेरा किती खाली धरतो, किती लांब उभा राहतो, भिंगावर गुपचूप काही बसवतो की काय, यात कुठेतरी कळ असली पाहिजे. ती फोटोत पकडायची, घरी नेऊन मोठी करून बघायची आणि मग आपण दाबायची.

टेकडीवरच्या बागेत परबने उत्तराला एका झाडाखाली उभं केलं. श्यामसुंदर त्याच्या खांद्याशी जाऊन चिकटला.

"टिपणीससायब, तुमची सावली माझ्या नवरीवर पडता."

"अहो, तुम्ही कडेला व्हा ना जरा," कुंदा म्हणाली. लग्नघरात लुडबुडणाऱ्या पोराला सांगतात तसं. "तिकडे, त्या बाकापलीकडे."

श्यामसुंदर बाकापलीकडे गेला. तिथून परबची पाठ दिसत होती, कोपर दिसत होतं, आणि परबच्या पुढे उत्तरा दिसत होती ती एका अंगाने. त्याने कॅमेऱ्याची घडी उघडली.

"गो बाये, अशी बघू नको, मी काय तुझो मास्तर नाय," परब सुरू झाला. "हास मगे! समज, तुझ्या ताईचो नवरो थंय झाडार चढलेलो आसा आणि ताई खालून विचारता, अहो, हापूस की पायरी?"

उत्तरा खळखळून हसली. खटका. कुंदाही तोंडाला पदर लावून हसली, आणि त्या हसण्याची नोंद श्यामसुंदरने मनात निराळ्या पानावर केली. त्याने परबच्या हातांवर नेम धरला आणि आपला खटका दाबला. पुन्हा परबची थट्टा, पुन्हा हसू, पुन्हा दोन खटके. एक उत्तरासाठी, एक परबसाठी.

मध्येच परब थांबला. मान खाली घालून फिल्म पुढे गुंडाळू लागला. उत्तराच्या नव्या चपला सकाळपासून चावत होत्या. कुणी बघत नाही असं बघून तिने एक काढली, एका पायावर बगळ्यासारखी उभी राहिली आणि चप्पल हातात घेऊन तिच्या पट्ट्याकडे रागाने बघू लागली. कुंदा तिची सुटलेली बट बसवायला अंगठा ओला करून पुढे झाली. तेवढ्यात कुंपणापलीकडे आलेली एक म्हैस जोरात शिंकली. दोघी बहिणी दचकल्या आणि उत्तरा तोंड उघडं टाकून, डोळे मिटून, चप्पल छातीशी धरून हसली. श्यामसुंदर परबचा हात फिल्म कशी गुंडाळतो ते टिपत होता. खटका दाबला गेला.

दुपारी जेवण होताच तो मोरीत शिरला. फिल्म धुतली, वाळवली, मोठी करून भिंगाखाली धरून धरून बघितली. परब इतर माणसं उभी राहतात तेवढ्याच अंतरावर उभा होता. कॅमेरा पोटाशी धरतात तसाच धरला होता. भिंगावर काहीही नव्हतं. गुपित म्हणून काही असलं तर ते तोंडात होतं, आणि तोंडाचा फोटो पाठीमागून येत नाही. सगळी फिल्म फुकट गेली.

एका फोटोत तर परबही धड नव्हता. कडेला त्याच्या बुशशर्टाची नुसती बाही, आणि मधोमध उत्तरा. एक पाय उचललेला, केस विस्कटलेले, डोळे मिटलेले, हातात चप्पल. पुस्तकाप्रमाणे त्यात जेवढ्या चुका होणं शक्य होतं तेवढ्या झाल्या होत्या. कुणी कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. कुंदाचा ओला अंगठा अर्ध्या वाटेत थांबला होता. श्यामसुंदरने तो कागद कचऱ्यात टाकला. मग काढला. पुन्हा एन्लार्जर लावून जरा गडद काढला. परबची बाही कापून टाकावी म्हणून तेवढी कड झाकून बघितली, तर उत्तरा त्या बाजूला लवंडल्यासारखी वाटायला लागली. म्हणून बाहीचा एक तुकडा ठेवला. बाहीवरचे माड असे काही उतरले होते की बघणाऱ्याला बागेतलीच झावळी वाटावी. सगळं झाल्यावर तो स्वतःशीच म्हणाला, "भिकार फोटो." भिकार फोटोसाठी माणूस दुसरा कागद वाया घालवत नाही, एवढं त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण हेव्याने माणसाचे डोळे दुसऱ्याच्या ताटाकडे लागलेले असतात. आपल्या ताटात काय पडलंय ते शेवटी कळतं.

आठवड्याने परबचा फोटो आला. उत्तरा झाडाखाली उभी, केसांत फूल, समोर बघून हसतेय. फोटो चांगला होता. फार चांगला होता. कुंदाने तो दोनदा पदराने पुसला, अण्णांनी प्रधानांना लिहिलेल्या पत्राबरोबर पाकिटात घातला आणि श्यामसुंदरच्या हाती दिला. "ऑफिसात डिंक लावून चिकटवा आणि पेटीत टाका. वाकवू नका हं."

ऑफिसात डिंकाची बाटली समोर होती, पाकीट उघडं होतं आणि बॅगेत, का कोण जाणे, तो बगळ्यासारखा फोटोही होता. श्यामसुंदरने एकदा या उत्तराकडे बघितलं, एकदा त्या. प्रधानांकडे हे ध्यान गेलं तर? नकार येईल. परबच्या फोटोला आलेला पहिला नकार. आयाबायांत बोलवा होईल ती निराळीच. कुंदा पुन्हा 'परबांना सांगते' म्हणणार नाही. आणि उत्तराचं काय, तर मुंबईत स्थळांना काय तोटा आहे? हे शेवटचं वाक्य त्याने मनात घाईघाईने म्हटलं, कारण ते सावकाश म्हटलं असतं तर पुढे हात चालला नसता.

त्याने फोटो बदलला, डिंक लावला, पाकीट पेटीत टाकलं. परबचा फोटो त्याने घरी फोटोच्या कोऱ्या कागदांच्या काळ्या पाकिटात सरकवला. ते उजेडात उघडायची घरात सक्त मनाई होती.

पुढचे काही दिवस त्याला जेवण गेलं नाही. उत्तरा येऊन "भाऊजी, भाऊजी" करी आणि तो मोरीत शिरून कडी लावी. टपालवाला दिसला की तो आत जाई. आणि उत्तर आलं ते असं: फोटो पसंत आहे, रविवारी मुलगी बघायला येतो.

मुलुंडला अण्णांच्या घरी पोह्यांचा कार्यक्रम झाला. मुलगा नंदू लाजरा होता. बोलायचं काम त्याच्या आत्याबाईंनी, वनमालाबाईंनी अंगावर घेतलं होतं. पोह्यांवरचं खोबरं संपायच्या आत त्यांनी विषय काढला.

"खरं सांगू का अण्णासाहेब? आतापर्यंत वीसेक फोटो बघितले असतील. सगळ्या पोरी आपल्या हातात तबक धरल्यासारख्या. पण तुमच्या मुलीचा फोटो बघितला आणि म्हटलं, या घरात माणसं हसतात. काय हसलीय! आमचा नंदू तर फोटो हातातून खाली ठेवायलाच तयार नाही."

नंदूने पोह्यांत मान घातली. श्यामसुंदरचा चमचा हवेत राहिला.

"परबांनी काढलाय हो," कुंदा फुलून म्हणाली. "जोगेश्वरीचे. त्यांचा हातच तसा आहे."

"हात म्हणजे काय हात!" वनमालाबाई म्हणाल्या. "त्या माणसाला फोटो काढता येत नाहीत, त्याला माणसं बघता येतात."

त्या क्षणी श्यामसुंदरला जे झालं त्याला नाव द्यायचं तर कठीण आहे. आपला डाव उलटला याचं वाईट वाटलं नाही. उत्तराचं चांगलं झालं याचा आनंद व्हायला हवा होता, तो कुठेतरी मागे रांगेत उभा होता. सगळ्यांच्या पुढे एकच गोष्ट होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या फोटोबद्दल त्याला हवं ते बोललं होतं, आणि ते परबच्या नावावर जमा झालं होतं. आजवर तो परबच्या फोटोंवर जळत होता. आता परबवर जळायला त्याच्याकडे स्वतःचा फोटो होता. आणि तोंड उघडायची सोय नव्हती. उघडलं तर पहिला प्रश्न आलाच असता: मग पाकिटात गेला कसा?

घरी येऊन त्याने उरलेला कागद, तो पहिला फिका छाप, बाहेर काढला आणि उजेडात बघितला. या वेळी परबची कळ शोधत नव्हता, त्यामुळे नीट दिसलं. परबने फोटो काढला तेव्हा उत्तरा परबसाठी हसली होती. परबची मान खाली गेली आणि ती स्वतःची झाली. परबचा फोटो संपत होता तिथे हा सुरू होत होता.

योगायोग असेल, त्याने ठरवलं. म्हणून खात्री करायला तो परबच्या मागे मागे हिंडू लागला. बोरिवलीला एक मुंज, घाटकोपरला एक डोहाळजेवण, अंधेरीला शाळेच्या मास्तरांचा निरोप समारंभ. परब समोर उभा राहून लोकांना खुलवी, खटका दाबी, मान खाली घाली. त्या मान खाली घालण्याच्या वेळात श्यामसुंदर कडेला उभा राहून आपला खटका दाबी. ताठ बसलेले मास्तर एकदम सैल पडून धोतराची गाठ चाचपतात. डोहाळकरीण फुलांचा मुकुट जड झाला म्हणून मान चोळते आणि तिची सासू नकळत तिच्याच मानेकडे हात नेते. "हलू नका" म्हणायची गरजच उरली नाही. त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

मोरीतल्या दोरीवर हे फोटो वाळत होते. कुंदा कपडे धुवायला आली ती बादली हातात घेऊन उभीच राहिली.

"यात तुमच्याकडे कुणीच बघत नाही."

"हो."

"बरं आहे मग. बघितलं की मरतात." ती फोटोंखालून वाकून पुढे गेली आणि पुन्हा मागे वळली. "हे कुठल्या पुस्तकात बघितलंत?"

"कुठल्याच नाही," श्यामसुंदर म्हणाला, आणि दोरीवर त्याला एक जागा रिकामी वाटली. कारण या सगळ्यांतला पहिला, सगळ्यांत चांगला, घाटकोपरला प्रधानांच्या घरी परबचा म्हणून नांदत होता.

साखरपुडा मुलुंडलाच झाला. फोटो काढायला परब, हे सांगायलाच नको. तो आला तो माडांचा बुशशर्ट चढवून. शुभकार्याला तो तोच घालत असे. सुपारी फुटली, उत्तराची ओटी भरली, पेढे वाटले गेले, आणि वनमालाबाईंनी हातातल्या बटव्यातून जपून एक फोटो बाहेर काढला.

"परब, तुम्हीच ना? अहो, किती दिवस तुम्हाला भेटायचं होतं. मला याची मोठी प्रत करून द्या. दिवाणखान्यात लावायचीय."

"देवाची कृपा, आत्यानू," परब हात जोडून म्हणाला आणि फोटो घेतला.

परब गप्प बसलेला तिथे कुणी कधी पाहिला नव्हता. तो गप्प बसला. फोटो त्याने जवळ धरला, लांब धरला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू, जे झोपेतही जात नसावं, हळूहळू उतरलं. त्याने मान वर करून कडेला उभ्या असलेल्या श्यामसुंदरकडे बघितलं. श्यामसुंदरने ती नजर तत्काळ ओळखली. ओळखणार नाही कशी? वर्षानुवर्षं ती त्याने स्वतःच्या चेहऱ्यावर वागवली होती.

मग परब फोटोच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाला, "होय... ह्यो जरा बरो इलो माझो."

"तुझा?" श्यामसुंदर केवढ्याने तरी ओरडला. "तुझा कसा रे? माझा आहे तो!"

पेढ्यांची ताटं जागच्या जागी थांबली. अण्णा म्हणाले, "जावईबापू?"

एवढ्यावर गप्प बसला असता तरी निभावलं असतं. पण एकदा हक्काची गोष्ट निघाली की कारकुनाला पुरावा जोडल्याशिवाय राहवत नाही. त्याने फोटो हिसकावून घेतला आणि बोट टेकवलं. "ही बघा, ही! झावळी वाटतेय ना? बाही आहे त्याची. याच बुशशर्टाची. स्वतःच्या बाहीचा फोटो स्वतः काढतं का कुणी? हा तेव्हा मान खाली घालून फिल्म गुंडाळत बसला होता!"

सगळ्यांनी फोटोतल्या माडांकडे बघितलं. मग परबच्या दंडावरच्या माडांकडे. परबने नकळत हात पाठीमागे घेतला.

कुंदा पुढे आली. तिने फोटो बघितला, त्यातला स्वतःचा ओला अंगठा बघितला. तिची नजर फोटोवरून परबकडे गेलीच नाही, सरळ नवऱ्याकडे वळली.

"परबांचा मी पाकिटात घातला होता," ती सावकाश म्हणाली. "माझ्या हाताने. मग हा तिकडे कसा गेला?"

आता सगळ्यांना सगळं कळत चाललं होतं, आणि श्यामसुंदरला कळत होतं की त्यांना कळतंय. पण गंमत अशी, की फोटो त्याने अजून छातीशी धरला होता आणि तो सोडावा असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. "मी बदलला," तो म्हणाला. "नकार यावा म्हणून. परबचा म्हणून नकार यावा म्हणून."

"माझ्या बहिणीच्या जन्माशी?"

त्याने फोटो आणखी घट्ट धरला.

वनमालाबाईंनीच शेवटी हात पुढे केला. "आणा इकडे तो फोटो, चुरगळेल. हे बघा, कुणी काढला आणि कशाला काढला ते तुमचं तुम्ही बघा. मुलगी तीच आहे ना?"

"तीच," उत्तरा म्हणाली. ती श्यामसुंदरकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग होता की पाणी ते सांगता येत नव्हतं. "चप्पल तेवढी बदलली. भाऊजी, तुम्ही असं करायला नको होतं."

"नको होतं," श्यामसुंदर म्हणाला.

"पण फोटो मलाही एक द्या."

नंदू पहिल्यांदाच बोलला. "आत्या, प्रत मोठी करायचीय ती यांच्याकडूनच करून घे मग."

परब कोपऱ्यात कॅमेरा पोटाशी धरून उभा होता. "वहिनीनू, मी खोटा बोललंय," तो कुंदाला म्हणाला. "पण बघितल्यार वाटला, माझो असतो तर..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. त्याच्याकडून अर्धं राहिलेलं हे पहिलंच वाक्य असेल.

शेवटी कार्य ते कार्य. फोटो काढायचे होतेच. परबने दोन्हीकडच्या मंडळींना ओळीत उभं केलं आणि काहीतरी विनोद केला, पण तो नेहमीसारखा लागला नाही, कारण तो पुढे बघून बोलत नव्हता. त्याचं अर्धं लक्ष डावीकडे होतं. तिथे, खिडकीच्या कडेला, कुणी न सांगता, श्यामसुंदर आपली जागा धरून उभा होता.

त्या दिवशीच्या परबच्या समूहचित्रात अण्णा हलले आणि नंदूने डोळे मिटले. असं त्याच्या हातून कधी होत नसे.

कुंदाने पुढे कित्येक दिवस नवऱ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, आणि पाकीट म्हणून एकही त्यानंतर त्याच्या हाती दिलं नाही. अगदी वीजबिलाचंसुद्धा ती स्वतः नेऊन टाकी. पण साखरपुड्याचे फोटो मोरीत वाळत पडले तेव्हा ती बादली ठेवून एकेक बघत गेली, आणि एकापाशी थांबली.

"हा माणूस मात्र बघतोय तुमच्याकडे."

परब होता. समोर सगळी मंडळी ओळीत उभी, सगळे परबच्या कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि एकटा परब मान वळवून थेट श्यामसुंदरच्या भिंगात. माड छापलेल्या बुशशर्टावरचा तो चेहरा इतका उघडा, इतका जळफळलेला होता, की त्याला हसवायला दुसरा परबच आणावा लागला असता.

पुढे टिपणीसचा फोटो म्हणजे कुणी कॅमेऱ्याकडे न बघणारा फोटो, असं लोक लांबून ओळखू लागले. तसे ते आहेतही. घरात भिंतीवर चौकट करून लावलेला हा एक फोटो मात्र त्याला अपवाद. कुंदाने दोनदा काढून ठेवला. दोन्ही वेळा श्यामसुंदरने तो परत त्याच खिळ्याला टांगला.